धान्यकोठीतल्या शिक्षकाचे प्रशस्तिपत्र रद्द करून उमाबाईंना सोडविण्याबाबत

प्रति,
मा. चौकशी अधिकारी,
मळसिद्धवाडी शाळा प्रकरण,
खाजगी सहभाग प्रशिक्षण कक्ष, धाराशिव.

अर्जदार : धुळाप्पा शरणप्पा हत्तुरे, वय ५१ वर्षे, सहशिक्षक, प्राथमिक शाळा, मळसिद्धवाडी (नळदुर्गपासून अकरा किलोमीटर), जि. धाराशिव.

विषय : अर्जदारास मंजूर झालेले ‘प्रसंगावधान प्रशस्तिपत्र’ रद्द करणे, अर्जदाराने दि. २० नोव्हेंबर रोजी दिलेला खोटा जबाब मागे घेऊ देणे व शाळेच्या स्वयंपाकीण श्रीमती उमाबाई म्हेत्रे यांच्या जामिनाच्या सुनावणीपूर्वी तसे पत्र पोलीस ठाण्यास देणेबाबत.

संदर्भ : प्रशस्तिपत्र वितरणाबाबतचे आपले पत्र, दि. ८ डिसेंबर २०२५.

महोदय,

हातातले कागद घटकाभर बाजूला सारावेत, खुर्ची अलीकडे ओढावी आणि या अर्जदाराजवळ बसावे. आपणांस एक कथा ऐकवायची आहे. अर्जदाराचे अर्धे आयुष्य टाळ हाती घेऊन कीर्तनकाराच्या मागे उभे राहण्यात गेले. श्रोत्याला जवळ बोलावल्याशिवाय आख्यान सुरू करू नये, एवढे त्यास कळते. या आख्यानात रक्त आहे. ते आले म्हणजे मान फिरवू नये, ही पहिली विनंती. अर्जदाराने एकदा फिरवली, आणि एक निरपराध बाई बावीस दिवसांपासून कोठडीत आहे.

१. दि. १७ ते १९ नोव्हेंबर असे तीन दिवस ‘शालेय शिक्षणात खाजगी क्षेत्राचा सहभाग’ या विषयावर शिक्षण कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण झाले. आमच्या भागातील नऊ शाळांवर देखरेख ठेवणारे केंद्रप्रमुख कै. गौरीशंकर वैजनाथ स्वामी सर त्यास हजर होते. निवृत्तीला सहा महिने उरलेला माणूस, पण पहिल्या बाकावर बसून दोनशे पानी वही भरून आला. कंपनीला पत्र कसे लिहावे, मालकाशी काय बोलावे, करार कसा करावा, फलक कोठे लावावा, सारे काही सुवाच्य अक्षरात. ज्यांच्या भागात कंपनी नाही त्यांनी कल्पनेतली कंपनी धरून आपल्याच शाळेत रंगीत तालीम करावी व तिचा फोटो दि. २० रोजी दुपारी बाराच्या आत प्रशिक्षणाच्या ग्रुपवर टाकावा, त्याशिवाय प्रमाणपत्र मिळणार नाही, असे सांगण्यात आले होते. आमच्या भागात ज्वारी आहे, तूर आहे, हमरस्त्याला दोन ढाबे आणि एक पंक्चरचे दुकान आहे. कंपनी नाही. म्हणून सरांनी मनानेच एक काढली व तिला नाव दिले ‘नंदिकेश्वर उद्योग प्रायव्हेट लिमिटेड’. अशी कंपनी कोठेही नाही, हे अर्जदार शपथेवर सांगतो, कारण पोलिसांच्या कागदात तिच्या फरार मालकाचा अद्याप शोध सुरू आहे.

२. तो फरार मालक म्हणजे हा अर्जदारच होय. दि. २० रोजी सकाळी साडेदहाला सर मोटारसायकलवरून आले, मागे फ्लेक्सची गुंडाळी बांधलेली. उतरतानाच म्हणाले, “धुळाप्पा, भारुडात एवढी सोंगं घेतोस, आज मालकाचं घे. कोट हाय का लग्नातला?” होता. अर्जदाराने तो घातला, बटणे लागली नाहीत. डोळ्यांवर काळा चष्मा चढवला. फाटकावर फ्लेक्स बांधला : ‘नंदिकेश्वर उद्योग प्रा. लि. संचलित प्राथमिक शाळा, मळसिद्धवाडी’. फाटकात उभे राहून सरांनी शाळेची चावी अर्जदाराच्या हातावर ठेवली व सहकारी शिक्षिका निकिता मॅडम यांनी फोटो काढला. त्यात मालकाची पाठ आणि कोट तेवढा आला. पोरे हसून हसून लोळत होती. चुलीवर खिचडीचे आधण ठेवता ठेवता उमाबाई म्हणाल्या, “मालक, पगार वाढवा की माझा!” त्या सकाळी शाळेत एवढा हशा होता, हे नोंदीवर यावे म्हणून लिहिले. सरांच्या शेवटच्या सकाळी ते पोटभर हसले होते.

३. आता अर्जदाराचा पहिला अपराध. फोटो ग्रुपवर टाकण्याचे काम सरांनी अर्जदाराकडे दिले, कारण त्यांना ते जमत नसे. अर्जदार गावच्या भजनी मंडळाच्या ग्रुपचाही चालक आहे. त्याच्या मोबाईलमध्ये भजनी मंडळ पहिले आणि प्रशिक्षण दुसरे, दोन्हींवर टाळांचेच चित्र, कारण अर्जदाराला सगळीकडे तेच चित्र लावण्याची हौस. घाईत फोटो भजनी मंडळावर गेला. खाली प्रशिक्षणात दिलेला मजकूर जसाच्या तसा : ‘शाळा हस्तांतरण समारंभ आनंदात संपन्न.’ अर्जदाराने मोबाईल कोटाच्या खिशात घातला आणि तो पोरांना मालकाची चाल करून दाखवू लागला. वीस मिनिटे त्याने खिशात हात घातला नाही.

४. गाव एवढे का पेटले, असा प्रश्न आपल्या अहवालात आहे व त्यापुढे ‘समुदाय-जागृतीचा अभाव’ असे उत्तर आहे. तसे नाही. शाळेची जागा बिराप्पा यांच्या थोरल्या भावाने दिली. पायाचे दगड गावाने गाडीबैलाने वाहिले. बिराप्पा तेव्हा विशीत होते, त्यांच्या पाठीवर त्या दगडांचे वण आहेत. आज तेच शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष आणि तेच आमच्या भजनी मंडळाचे पखवाजवादक. तीन वर्षांपूर्वी शेजारच्या वस्तीवरची शाळा पटसंख्येअभावी बंद झाली, तेव्हा चौदा पोरींची शिक्षणे एका दिवसात संपली. त्यातल्या दोन बिराप्पांच्या नाती. आणि त्या दिवशी अमावास्या होती. आमच्याकडे अमावास्येला बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत, त्यामुळे गडीमाणूस झाडून सारे पारावर बसलेले. फोटो तेथेच उघडला गेला. दुसऱ्या कोणत्याही दिवशी निम्मे गाव रानात असते आणि सर आज जिवंत असते.

५. अकरा वाजून गेल्यावर वेशीकडून आवाज आला. निकिता मॅडमना काय सुचले देव जाणे, त्यांनी बेचाळीस पोरे मागच्या दाराने काढून महादेवाच्या देवळात नेली व आतून कडी लावली. (प्रशस्तिपत्र द्यायचेच तर त्यांना द्यावे.) फाटकातून पहिला दगड आला तो फ्लेक्सवर, दुसरा कौलावर, तिसरा सरांच्या खांद्यावर. शे-सव्वाशे माणूस. काठ्या, जुवातून उपसलेल्या शिवळा, बिराप्पांच्या हातात गाडीचा खुंटा. “मालक कुठंय? कोटवाला कुठंय?” असा एकच गलका. अर्जदार कोटासकट ओट्यावर उभा. तेवढ्यात मागून उमाबाईंनी त्याच्या कोटाची कॉलर धरली व त्याला धान्यकोठीत लोटले. “आत व्हा मास्तर. अंगावर कोट हाय, तुमालाच धरतील.” बाहेरून कडी घातली, कुलूप लावले, चावी कमरेला खोचली. लोक अंगणात शिरले तेव्हा त्या झाऱ्याने खिचडी हलवत होत्या. “कोटवाला?” “पळाला की मागल्या वावरातनं. बघा, गावतोय का.” दहा-पंधरा जण तिकडे धावले. अर्जदार तांदळाच्या पोत्यामागे बसून हे ऐकत होता.

६. यापुढचे अर्जदाराने कोठीच्या झरोक्यातून डोळ्यांनी पाहिले आहे. सर पळाले नाहीत. त्यांनी वही काढली. “ऐका, हे प्रात्यक्षिक आहे, खोटं आहे,” असे ते म्हणत होते. पण तीन दिवस जी भाषा कानांवर पडली तीच तोंडून येऊ लागली. भागीदारी, हस्तांतरण, सामंजस्य. शब्दागणिक लोक जास्त खवळत गेले. शेवटी त्यांनी वहीत बोट घालून वाचायला सुरुवात केली, “टप्पा चौथा, समुदायाच्या शंकांचे हसतमुखाने स्वागत करावे.” आणि महोदय, ते खरोखर हसले. वहीत तसे लिहिले होते म्हणून. बिराप्पा ओरडले, “अध्यक्ष मी, अन् मला न इचारता शाळा इकली? वर हसतोस?” आणि खुंटा उचलला.

पहिला घाव खांद्यावर बसला. हाड मोडल्याचा आवाज कोठीपर्यंत आला, ओला फाटा मोडावा तसा. सर गुडघ्यावर आले. मग कोणी मारले, किती मारले, याला गणती नाही. चपला, काठ्या, बुक्क्या. एकाने त्यांचे डोके ओट्याच्या कडेवर आपटले. अर्जदाराने त्यांच्या डाव्या कानातून रक्त येताना पाहिले, आधी थेंब थेंब, मग धार. दाताचा तुकडा उडून खिचडीच्या पातेल्यापाशी पडला. मारणाऱ्यांत अर्जदाराचे चार विद्यार्थी होते. त्यांना पाटीवर पहिले अक्षर अर्जदाराने गिरवून दिले होते, त्यांचा उजवा हात हातात धरून.

७. तेव्हा उमाबाई उठल्या. साठीची बाई, वजन असेल-नसेल चाळीस किलो. चुलीवरचा लोखंडी झारा तसाच तापलेला हातात. “पोरांच्या अन्नापाशी माणूस मारता? लाजा वाटू द्या रे भाड्यांनो!” असे म्हणत त्या गर्दीत घुसल्या. एकाच्या मानेवर झारा टेकला, तो किंचाळत पळाला. दुसऱ्याच्या गालावर. बिराप्पांनी दुसऱ्यांदा खुंटा उगारला तेव्हा त्यांनी दोन्ही हातांनी झारा फिरवला, तो मनगटावर बसला आणि खुंटा गळून पडला. मग त्या सरांवर पालथ्या पडल्या. त्यांच्या पाठीवर काठ्या पडल्या, त्या अर्जदाराने मोजल्या नाहीत. बाईंचे फक्त “सर, डोळं उघडा, सर, डोळं उघडा” एवढेच चालले होते. अर्जदार कुलपाआड होता, हे खरे. पण कोठीला झरोका होता, अर्जदाराला गळा होता. सप्ताहात तीन-तीन तास न थकता चालणारा गळा. त्यातून एक आरोळीही निघाली नाही. त्याने तोंडात कोटाची बाही कोंबली होती.

८. पोलीस आले तेव्हा माणसे पांगलेली, सर निपचित, आणि त्यांच्याजवळ रक्ताने माखलेला झारा घेऊन बसलेली एकटी बाई. तिला गाडीत घातले. नंतर कोठीचे कुलूप फोडले. तोवर अर्जदाराने कोट पोत्याखाली दडवला होता. दुपारी दोन वाजता शाळेच्या अंगणात आपल्या कक्षाच्या कर्मचाऱ्याने पोलिसांसमक्ष त्याचा जबाब घेतला. भोवती गाव उभे होते. बिराप्पा पाच हातांवर, मनगट धोतरात गुंडाळलेले. “कोणी मारलं?” असे विचारल्यावर अर्जदाराने बिराप्पांकडे पाहिले. मग मान फिरवली आणि सांगितले, “उमाबाईंनी. झाऱ्यानं. दुसरं कोणी दिसलं नाही.” खाली सही केली. अक्षर चांगले आले.

सर दि. २३ रोजी सोलापूरला दवाखान्यात वारले. एकदाही शुद्धीवर आले नाहीत. मारहाणीचा गुन्हा त्या दिवशी खुनाचा झाला.

९. आपल्या कक्षाने अर्जदाराचा तोच जबाब अहवालाला जोडून शिक्क्यानिशी ठाण्याला पाठविला. त्यात असेही नमूद आहे की, ‘सहशिक्षक श्री. हत्तुरे यांनी प्रसंगावधान राखून स्वतःस धान्यकोठीत बंद करून घेतले व शासकीय तांदूळ, तूरडाळ व मीठ यांचे जमावापासून संरक्षण केले.’ म्हणून हे प्रशस्तिपत्र. सोमवार दि. १५ रोजी प्रशिक्षणाच्या दुसऱ्या टप्प्यात ते शाल-श्रीफळासह द्यायचे ठरले आहे. त्याच पत्रात कै. स्वामी सरांचा प्रशिक्षण-अभिप्रायाचा फॉर्म आला नसल्याने केंद्राचा अहवाल अपूर्ण राहिल्याचे कळविले असून तो अर्जदाराने मिळवून द्यावा, असेही आहे. महोदय, तो कोठून मिळवावा याबद्दल मार्गदर्शन व्हावे.

१०. अर्जदारास सत्य सांगण्याची बुद्धी उशिरा का झाली, हे विचारणे योग्य आहे. दि. १ डिसेंबरच्या एकादशीला गावात कीर्तन होते. अर्जदार टाळ घेऊन नेहमीच्या जागी उभा राहिला. शेजारी मानेवर भाजल्याचा डाग असलेला, पलीकडे गाल भाजलेला. पखवाजाला बिराप्पा नव्हते. ते पुढच्या रांगेत, मनगटाला प्लास्टर, पडलो म्हणून सांगत होते. बुवा प्रेमळ माणूस. कीर्तन थांबवून म्हणाले, “बिराप्पा, देव तुमचा हात लवकर बरा करो. हा हात देवाच्या सेवेचा आहे.” मंडपाने टाळ्या वाजवल्या. बिराप्पा रडले. अर्जदाराला ठाऊक आहे की ते खोटे रडले नाहीत. त्या दिवसापासून तो माणूस जेवत नाही, रात्रंदिवस शाळेच्या फाटकाशी बसतो. तरी पण टाळ्यांच्या त्या आवाजात अर्जदाराच्या हातून टाळ सुटले. ज्या हातांनी माणूस ठेचला ते हात, ज्याने पाहून डोळे मिटले त्याचे हात, सगळे एका ठेक्यात. देवापुढे एवढे खोटे अर्जदाराने आजवर वाजवले नव्हते. तो मंडपातून उठला तो थेट पहाटेच्या गाडीने कारागृहात उमाबाईंच्या भेटीला गेला.

११. तेथे जाळीपलीकडे त्या आल्या. पाठ अजून सरळ होत नाही. अर्जदाराचा जबाब त्यांना वकिलाने वाचून दाखवला होता. अर्जदाराने हात जोडले. त्याच म्हणाल्या, “भ्यालात व्हय मास्तर? भ्यायलाच पायजे. मी बी लई भ्याले व्हते.” मग विचारले, “त्या दिवशी पोरं उपाशीच गेली का वो?” कोठीला कुलूप कोणी व का घातले, कोट कोणाचा होता, हे त्यांनी आजपर्यंत एकाही साहेबाला सांगितलेले नाही. का नाही, असे विचारता म्हणाल्या, “तुमाला बी लेकरं हायती.” त्यांना लेकरू नाही. चुलीपाशी जेवणाऱ्या बेचाळिसांखेरीज कोणी नाही.

१२. अर्जदार दुसऱ्याच दिवशी पोलीस ठाण्यात गेला. तेथे सांगण्यात आले की, पहिला जबाब कार्यालयाच्या शिक्क्याने आला आहे, कार्यालयाने तो मागे घेतल्याचे पत्र आणा. पत्रासाठी आपल्या कक्षात आला, तर सांगण्यात आले की, अहवालात दुरुस्तीचा रकाना नाही. शिवाय प्रशस्तिपत्र मंजूर झालेल्या कर्मचाऱ्याचा जबाब खोटा धरता येत नाही. म्हणून आधी प्रशस्तिपत्र रद्द करण्याचा हा अर्ज करणे भाग पडले. जामिनाची सुनावणी मंगळवार दि. १६ रोजी आहे. आज शुक्रवार. मध्ये दोन सुट्या आहेत.

तरी विनंती की, प्रशस्तिपत्र आजच रद्द व्हावे. अर्जदाराचा नवा जबाब सोबत जोडला असून तो ठाण्यास आजच्या आज पाठवावा. बिराप्पा यांच्या मनगटाचा एक्स-रे, झाऱ्याने भाजलेल्या त्या दोघांच्या मानेवरचे व गालावरचे डाग आणि उमाबाईंच्या पाठीवरचे वळ तपासण्यास सांगावे. झारा कोणावर चालला आणि काठ्या कोणावर, हे त्यावरून कोणालाही कळेल. पोत्याखालचा कोट अर्जदाराने तसाच ठेवला आहे, तो जप्त करावा. खोटा जबाब दिल्याबद्दल अर्जदारावर जी कारवाई होईल ती त्यास मान्य आहे. त्यासाठी त्याने कोणाकडे रदबदली केलेली नाही व करणार नाही. बिराप्पांना शिक्षा होईल. ती व्हावी. त्यांच्या घरासमोरून हा अर्जदार रोज जाणार आहे, आणि गाव त्याचे काय करील ते त्यास माहीत आहे. म्हणून हे पत्र पोहोचण्याआधी त्यास काही झाल्यास हाच त्याचा शेवटचा जबाब समजावा.

एवढे आख्यान आपण जवळ बसून ऐकले असेल तर शेवटी एकच मागणे. आपल्या फाइलीत सगळीकडे ‘आरोपी महिला’ असे लिहिले आहे. तिचे नाव उमाबाई रेवणसिद्ध म्हेत्रे. ठाण्याच्या पत्रावर सही करायला पेन उचलाल तेव्हा अर्जदाराला खुशाल विसरावे, पण या बाईची आठवण ठेवावी, नाव घेऊन ठेवावी, आणि मंगळवारच्या आत ठेवावी.

आपला नम्र,

(सही)
धुळाप्पा शरणप्पा हत्तुरे
मळसिद्धवाडी
दिनांक : १२ डिसेंबर २०२५